उतारू

म्हैसूर हे शहर समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंचीवर वसलेले असून त्याच्या आसपास कोठेही समुद्र नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या सेवानिवृत्त गृहस्थाने, जहाज कालव्यात असताना खाली उतरावे की वरच बसून राहावे, या प्रश्नाचा तीन आठवडे खल करावा, हे ऐकून वाचकांना आमच्या प्रकृतीविषयी शंका येणे साहजिक आहे. प्रकृतीचा मुद्दा या प्रकरणात आहेच. तो यथावकाश येईल.

प्रकरण थोडक्यात असे. आमची कन्या अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात असते. येत्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो म्हणजे तिने व जावईबापूंनी आम्हाला एका प्रवासी जहाजातून अकरा दिवस हिंडवून आणण्याचे ठरवले आहे. जहाज फ्लोरिडाहून निघून कॅरिबियन समुद्रातील काही बेटांना शिवणार आणि पनामाच्या कालव्यात शिरणार. शिरणार एवढेच, पार होणार नाही. अटलांटिकच्या बाजूच्या तीन पायऱ्या चढून ते गातूनच्या तलावात जाईल, तेथे तोंड फिरवील आणि त्याच तीन पायऱ्या उतरून आल्या वाटेने बाहेर पडेल. काशीला म्हणून निघावे आणि प्रयागाहूनच मागे फिरावे, अशातला हा प्रकार आहे. पण खर्च मुलीचा असल्यामुळे आम्ही त्यावर शेरा मारलेला नाही.

जहाज तलावात थांबले असता ज्यांना जमीन पाहावयाची असेल त्यांना छोट्या बोटींतून काठावर नेतात. ही मंडळी अरण्य, नदी, वस्त्या पाहतात आणि तिसऱ्या प्रहरी कोलोन बंदरात, तोवर खाली उतरून आलेल्या जहाजावर पुन्हा चढतात. जी उतरत नाहीत ती जहाजाबरोबर पायऱ्या उतरतात. दोन्ही गोष्टी एका माणसाला साधत नाहीत. बोटींतील जागा मोजक्या असल्यामुळे कोण उतरणार हे आगाऊ कळवावे लागते, म्हणून कन्येने एक कोष्टक पाठवले. त्यात चार नावे होती आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन होता. ज्याने सरकारी हिशेबतपासणीत पस्तीस वर्षे काढली त्याच्यापुढे रिकामा चौकोन ठेवणे म्हणजे त्याची झोप उडवणेच होय.

आपल्या भाषेने प्रवाशाला उतारू हे नाव दिले आहे. चढण्याचे नाव नाही, बसण्याचे नाही. ज्याला कोठे तरी उतरायचे आहे तो उतारू. येथील शहर बसमधला वाहक थांबा आला की 'इळियोरु इळीरि' म्हणून ओरडतो. उतरणाऱ्यांनी उतरावे, असा त्याचा अर्थ. या पुकाऱ्यात न उतरणाऱ्यांवर काहीही ठपका नाही, हे आम्ही सौभाग्यवतींच्या निदर्शनास आणले. त्या म्हणाल्या, "ठपका नाही, पण त्याला पुढचे तिकीट काढावे लागते."

आमचा कल प्रथमपासून वर बसण्याकडे होता, आणि तो निव्वळ आळसाचा नव्हता. कालव्यातून जाणाऱ्याने कालवा पाहावा, हे आम्हाला सरळ वाटते. पनामाचा कालवा म्हणजे नुसता खणलेला चर नव्हे. चाग्रेस नदीला गातून येथे मातीचे प्रचंड धरण घालून १९१३ साली एक तलाव भरवण्यात आला. तो समुद्राहून सुमारे पंच्याऐंशी फूट उंच आहे. एवढे जहाज त्या उंचीवर न्यायचे ते लॉक नावाच्या तीन पोलादी दारांच्या कोठ्यांतून. जहाज पहिल्या कोठीत शिरते, मागचे दार मिटते, वरच्या तलावाचे पाणी कोठीत सोडले जाते, आणि आठ-दहा मिनिटांत ते अजस्र धूड तसूतसूने वर येते. मग पुढचे दार उघडते. दारांची पाने सात फूट जाडीची आहेत. कोठी एकशे दहा फूट रुंद असल्यामुळे मोठे जहाज आत आले की दोन्ही अंगांना जेमतेम दोन दोन फूट उरतात. ते भिंतीला लागू नये म्हणून काठावरच्या रुळांवरून छोटी विजेची इंजिने त्याला तारांनी ताणून धरतात. आणि या साऱ्यात पाणी वर चढवायला एकही पंप नाही. पाणी उतरते आणि जहाज चढते. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा सुरू झाला, तेव्हापासून हे असेच चालू आहे.

कन्नंबाडीच्या छायेत राहणाऱ्या माणसाला यात विशेष गोडी वाटते. आमच्याकडे वर्तमानपत्र उघडले की राजकारणाआधी कृष्णराजसागराची पातळी पाहण्याची रीत आहे. एकशे चोवीस पूर्णांक आठ दशांश फुटांना धरण भरले की शहर सुखाने जेवते. हे धरण १९११ साली सुरू झाले, म्हणजे गातूनचे काम ऐन रंगात असताना. त्यामागे उभे राहिलेले विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात पंचवीसएक वर्षे राबून १९०९ साली म्हैसूरचे मुख्य अभियंते झाले; खडकवासल्याला त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दारांची आठवण येथे आलेला मराठी माणूस हमखास काढतो. आम्हीही काढतो. परमुलखात एवढा आधार पुरतो.

तर आम्ही हिशेब मांडला. जुन्या कोठ्यांतून एक जहाज पार व्हायला सुमारे एकोणीस कोटी लिटर गोडे पाणी लागते, आणि ते वापरून झाले की समुद्राला मिळते. येथील लोक पाणी टीएमसीत मोजतात. एका टीएमसीत सुमारे दीडशे जहाजे जातात. कृष्णराजसागर तुडुंब भरला तर साडेएकोणपन्नास टीएमसीत सात हजारांवर. २०२३ साली येथे पाऊस चुकला, कावेरीच्या पाण्यावरून सप्टेंबरात बंद पाळले गेले, मंड्याचे शेतकरी रस्त्यावर बसले. त्याच वर्षी गातूनच्या तलावाचे पाणी इतके खाली गेले की एरवी दिवसाला छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजे वर्षअखेरीस बावीस-चोवीसवर आणावी लागली. २०१६ साली उघडलेल्या नव्या, रुंद कोठ्यांच्या शेजारी पाणी साठवून पुन्हा वापरण्याचे हौद आहेत. जुन्यांना ते नाहीत, आणि आमचे जहाज जुन्यांतून जाणार. नुसते चढून उतरण्यासाठी एवढे पाणी! नोकरीत असतो तर या खर्चावर आम्ही आक्षेप घेतला असता. आता निदान ते पाणी कसे खर्ची पडते हे डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा होती.

कुक्करहळ्ळी तलावाच्या बांधावर संध्याकाळी आम्ही काही मराठी पेन्शनर जमतो. तेथे हा प्रश्न मांडला. आमचे रेल्वेतील स्नेही ताडकन म्हणाले, "उतरा! फलाटावरून गाव पाहिले असे म्हणणारे पुष्कळ भेटतात." त्यांना पनामातील दुसऱ्याच गोष्टीचे प्रेम आहे. कालव्याच्या साठ वर्षे आधी, १८५५ साली, तेथे एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत आगगाडी धावली. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. अन्नसंशोधनातून निवृत्त झालेले दुसरे स्नेही सुएझवर घसरले. त्यांच्या चुलत्यांनी विलायतेला जाताना म्हणे सुएझला जहाज सोडले, मोटारीने कैरो गाठले, पिरॅमिडांपुढे छायाचित्र काढले आणि पोर्ट सैदला जहाज पकडले. विलायतेच्या प्रवाशांचा तो रिवाजच होता. पण सुएझचे प्रकरण निराळे, असे आमचे म्हणणे पडले. त्या कालव्याला कोठी नाही, पायरी नाही. एका समुद्राचे पाणी सपाटीने दुसऱ्याला भेटते. दोन्हीकडे वाळू. तेथे जहाज सोडणाऱ्याचे फारसे काही हुकत नाही.

शिवाय सुएझलाही निवड प्रत्येकाला मिळाली असे नाही. १८९२ साली म्हैसूरच्या चामराज वडेयर महाराजांचे पाहुणे असलेले स्वामी विवेकानंद १८९९ च्या जुलैत 'गोलकुंडा' जहाजाने सुएझला पोहोचले, तेव्हा हिंदुस्थानात प्लेग होता. त्यामुळे इकडच्या जहाजाला किनाऱ्याने शिवायचे नाही. रात्री कालव्यातून जायचे तर पुढे विजेचा दिवा लावावा लागे, तो लावायला सुएझची माणसे जहाजावर यायला हवीत, आणि ती आली की सोवळे मोडले. म्हणून जहाज उजाडेपर्यंत तसेच उभे. उतारूंनी मग काय केले, तर मांसाचा तुकडा गळाला लावून शार्क मासा धरला. स्वामीजींनी 'परिव्राजक' या बंगाली पुस्तकात तो प्रसंग असा रंगवला आहे की काठावर न उतरल्याचे दुःख वाचणाऱ्याला होत नाही. याहून बिकट अवस्था १९६७ च्या युद्धात कालवा बंद पडला तेव्हाची. ग्रेट बिटर सरोवरात चौदा जहाजे अडकली ती १९७५ पर्यंत. खलाशी पाळीपाळीने बदलत, पण जहाजे तेथेच. त्यांनी आपसात मंडळ काढले, खेळांचे सामने भरवले, स्वतःची टपाल तिकिटेही छापली. या मासिकाच्या वाचकांना तो थाट ओळखीचा वाटेल. परगावी अडकलेल्या माणसांनी मंडळ काढल्यावाचून राहिल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

सौभाग्यवतींना मात्र उतरायचे होते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि कारण दिले नाही, कारण ते आम्हाला ठाऊक होते. गुवाहाटी, कटक, जोधपूर, विशाखापट्टण अशा आमच्या बदल्या झाल्या. आम्ही प्रत्येक ठिकाणी कचेरी, सरकारी निवासस्थान आणि महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव या तीन बिंदूंमधून फिरलो, आणि सुखाने फिरलो. ज्याच्याकडे लोकांचे हिशेब तपासण्याचे काम असते त्याने लोकांत फार मिसळू नये, असे आमच्या खात्यात मानत. त्या मात्र आठ दिवसांत गावात उतरत. कटकला भात पाण्यात घालून पखाळ करायला शिकल्या, जोधपूरला केर-सांगरी, विशाखापट्टणला गोंगुऱ्याची चटणी. येथे देवराज मार्केटात मोळाने मोजून मल्लिगे घेताना त्या फुलवालीशी कन्नडात तिच्या सुनेविषयी बोलतात. आमचे कन्नड 'बेकु' आणि 'बेडा' यांवर चालते, म्हणजे हवे आणि नको. निवृत्तीनंतर पुण्याला परतायचे, अशी आमची समजूत होती. कोथरूडला जागाही घेऊन ठेवली होती. "जिथे भाजीवाली दोन दिवस दिसला नाहीत म्हणून विचारते, तिथे राहू," असे त्या म्हणाल्या, आणि त्याला आता अकरा वर्षे झाली. पुण्याचे आप्त अजून विचारतात, परत कधी येणार?

त्यांचा आग्रह लक्षात घेऊन आम्ही काठावरच्या बाजूचेही वाचन केले. फर्डिनांड द लेसेप्स यांनी सुएझच्या यशानंतर १८८१ साली पनामात हात घातला. तेथेही समुद्रसपाटीचाच कालवा काढायचा त्यांचा बेत होता; १८८९ साली कंपनी बुडाली, आणि तोवर वीस हजारांवर माणसे मेली असा अंदाज आहे. मुख्यतः हिवतापाने आणि पीतज्वराने. त्यांच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवीत, आणि त्या पाण्यातच डास वाढत. हे वाक्य आम्ही मोठ्याने वाचले. सौभाग्यवती उठून स्वयंपाकघरात गेल्या. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचे जाळीचे कपाट आहे आणि त्याचे पाय आजवर पाण्याच्या वाट्यांत असत. परत येऊन त्या म्हणाल्या, "ओतून टाकलं." डासांचा आणि हिवतापाचा संबंध रोनाल्ड रॉस यांना १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादेस सापडला. अमेरिकनांनी १९०४ साली काम हाती घेतले तेव्हा डॉक्टर गॉर्गस यांनी डासांविरुद्धच मोहीम काढली, आणि म्हणून तो कालवा झाला. तरीही अमेरिकनांच्या दहा वर्षांत कागदोपत्री साडेपाच हजारांवर माणसे गेलीच.

ज्या गोष्टीने आमचा निश्चय खरोखर डळमळला ती मात्र आमच्याच विषयातली निघाली. कालव्यावर दोन पगारपत्रके होती, एक सोन्याचे आणि एक चांदीचे. गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या नाण्यांत पगार, बार्बाडोस वगैरे बेटांवरून आणलेल्या काळ्या मजुरांना चांदीच्या. पुढे ही नावे नाण्यांपुरती राहिली नाहीत. राहण्याच्या जागा, भोजनगृहे, टपाल कचेरीच्या खिडक्या, सगळ्यांवर सोने आणि चांदी. एका कामाची दोन पगारपत्रके दिसली की आमच्या खात्यातील माणसाची पेन्सिल आपोआप वर उचलली जाते. आम्ही ती माहिती रात्री जेवताना सांगितली. सौभाग्यवतींनी विचारले, "त्या चांदीवाल्यांची नातवंडं कुठे राहतात आता?"

"पुष्कळशी कोलोनलाच," आम्ही म्हणालो.

"मग तुमच्या डेकवरून ती कशी दिसणार?"

याला उत्तर नव्हते. गातूनच्या तलावाखाली गेलेल्या गावांविषयीही त्यांनी असेच विचारले. कृष्णराजसागराने जुने कन्नंबाडी बुडवले. तेथील वेणुगोपालाचे देऊळ दुष्काळात पाण्याबाहेर डोकावत असे, आणि आता ते काठावर पुन्हा बांधून काढले आहे. देवळाला काठ मिळाला, पण सगळ्या घरांना मिळाला असेल असे नाही. पाण्याची पातळी वाचणाऱ्याला पाण्याखालचे गाव वाचता येत नाही, हे खरेच आहे.

आता प्रकृतीचा मुद्दा. दोन वर्षांपूर्वी आमच्या हृदयाच्या दोन वाहिन्यांत जाळ्या बसवण्यात आल्या. डॉक्टरांनी समुद्रप्रवासाला मोकळीक दिली. मात्र दमट उष्म्यात फार चालू नये, चढउतार बेताने करावे, असे बजावले. होडीची शिडी, बस आणि अरण्यातील पाऊलवाट म्हणजे नेमके तेच. हा मुद्दा आम्ही कोणाजवळ काढत नव्हतो. वर बसण्याची आमची कारणे स्वतंत्र आणि सशक्त असताना त्यांच्या पंक्तीला हे कारण बसवणे आम्हाला कमीपणाचे वाटे. पण घरात दुसरे कोणी तरी तो मुद्दा रोज मोजत होते, हे कोष्टक पाठवण्याच्या आदल्या दिवशी कळले. कन्येच्या नावापुढे 'उतरणार', जावईबापूंच्या नावापुढे 'राहणार' असे होते. त्यांना डेकवरच्या आरामखुर्चीत झोप चांगली लागते. आणि आमच्या दोन्ही नावांपुढे सौभाग्यवतींच्या वळणदार अक्षरात 'राहणार, राहणार' असे लिहिलेले होते.

आम्ही विचारले तेव्हा त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला एकटं टाकून मी माकडं बघत हिंडू?"

आम्ही सांगितले की आम्ही एकटे नाही. जहाजावर दोन हजार माणसे, एक दवाखाना आणि एक निद्रिस्त जावई आहेत. त्यांनी शेंगा निवडणे थांबवले नाही. आम्ही सांगितले की चढण तर चौघे मिळूनच पाहणार; बोटी सुटतात त्या जहाज तलावात पोहोचल्यावर. त्यांची हुकणार ती फक्त उतरण. "आणि तुम्हाला उतरणीत एवढं काय बघायचंय?" त्यांनी विचारले. चढताना पाणी खालून येते आणि ढवळलेले असते. उतरताना पाणी गुपचूप निघून जाते आणि भिंती आपल्या दोन्ही अंगांनी वर वाढत जातात, असे एका पुस्तकात वाचले होते. ते पाहायचे आहे, असे आम्ही म्हणालो. त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघा मग. पण टोपी घालून."

ही संमती होती, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने आम्ही ओळखले. कोष्टक घेऊन त्यांच्या नावापुढचे 'राहणार' एका सरळ रेघेने खोडले, वर 'उतरणार' लिहिले आणि शेजारी आद्याक्षरे केली. खाडाखोडीशेजारी सही नसेल तर नोंद ग्राह्य धरत नाहीत. मग त्याचे छायाचित्र कन्येला पाठवले.

रात्री उशिरा एक गोष्ट ध्यानात आली. आजवरच्या प्रत्येक बदलीत आम्ही पुढे जाऊन कामावर हजर होत असू, आणि मुलीची परीक्षा उरकून, भांडीकुंडी बांधून, त्या मागाहून सामान घेऊन येत. गुवाहाटीला तर त्या तीन दिवस तीन गाड्या बदलून आल्या होत्या. या खेपेस त्या पुढे उतरणार आणि कोलोनच्या धक्क्यावर आम्ही मागाहून येणार, सगळे सामान घेऊन. हे त्यांना सांगितले तेव्हा दिवा मालवलेला होता. अंधारातून त्यांनी विचारले, औषधांची पिशवी कोणत्या पेटीत ठेवणार? सांगितले, तरी पुन्हा एकदा विचारून घेतले.